उपनांवांचें स्थलांतर : जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतील तीन घराणीं

जुनीं दप्तरें चाळणारास घराण्याचा माग काढतांना उपनांवाचा मोठा आधार वाटतो. परंतु पेशवाईच्या कागदांत हा आधार पुष्कळदां फसवा ठरतो. पत्रलेखक आपलें व वडिलांचें नांव लिहितो आणि उपनांव बहुधा गाळतो. शिवाय घाटावर गेलेल्या घराण्याचें मूळ उपनांव कधीं हुद्द्याखालीं, कधीं मुलखाखालीं, तर कधीं उपकारकर्त्याच्या नांवाखालीं झांकून जातें. या तिन्ही प्रकारांचीं उदाहरणें जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतच सांपडतात.

पहिला प्रकार हुद्द्याचा. वेळास (तालुका मंडणगड) येथील भानु घराण्यांतील बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथाच्या आश्रयानें पुढें आले व त्याच्याबरोबर दिल्लीस गेले असतां इ. स. १७१९ मध्यें तेथेंच मारले गेले. पुढें घराण्याकडे फडणिशी राहून ‘भानु’ मागें पडलें. त्यांचे नातू नाना फडणीस (१७४२–१८००) कागदोपत्रीं मात्र ‘बाळाजी जनार्दन’ म्हणूनच भेटतात.

दुसरा प्रकार मुलखाचा. बाजीरावानें इ. स. १७२९ मध्यें महंमदखान बंगशाविरुद्ध छत्रसालास साह्य केलें. त्या उपकारापोटीं मराठ्यांस बुंदेलखंडांत मुलूख मिळाला. त्या प्रांतीं कारभार केल्यामुळें नेवरें येथील गोविंद बल्लाळ खेर हे ‘गोविंदपंत बुंदेले’ झाले. पानिपतच्या मोहिमेंत डिसेंबर १७६० मध्यें ते मारले गेले. त्यांच्या नांवांतील ‘बल्लाळ’ हें उपनांव नव्हे. ‘बाळाजीचा पुत्र’ एवढाच त्याचा अर्थ. ‘बाजीराव बल्लाळ’ येथेंहि तेंच. बल्लाळ उपनांवाचीं घराणीं निराळीं असल्यामुळें यादी करणारानें येथें सावध असावें.

तिसरा प्रकार कृतज्ञतेचा. म्हापण (१९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत) येथील नारो महादेव जोशी सेनापति संताजी घोरपडे यांच्या पदरीं वाढले व धन्याचेंच उपनांव त्यांनीं धारण केलें. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांस बाळाजी विश्वनाथाची कन्या अनुबाई दिली होती. यास्तव इचलकरंजीचे ब्राह्मण घोरपडे व कापशीचे मराठे घोरपडे यांचें उपनांव एक, पण रक्तसंबंध नाहीं.

इंग्लंडांतहि उपनांवें धंद्यावरून व पित्यावरून पडलीं : स्मिथ म्हणजे धातुकाम करणारा, जॉन्सन म्हणजे जॉनचा पुत्र. आपल्याकडे मात्र एकाच पुरुषाच्या नांवाभोंवतीं मूळ उपनांव, पितृनाम व मुलूख हीं तिन्ही एकत्र आढळतात. उत्कर्षानें उपनांव बदलतेंच असाहि नियम नाहीं. कोतवडें येथील हरभट पटवर्धन हे याच इचलकरंजीकरांचे उपाध्याय. त्यांचे वंशज मिरज, सांगली, जमखंडी येथें संस्थानिक झाले, तरी पटवर्धनच राहिले.

तेव्हां एका सुट्या पत्रावरून घराणें ठरविणें धोक्याचें आहे. गुहागरचे वासुदेवशास्त्री खरे यांस पटवर्धनी कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध करतां आला, तो तीं पत्रें दप्तरांत एकत्र राहिलीं होतीं म्हणून. रुमाल सोडून एकेक पत्र निरनिराळ्या संग्रहांत गेलें, म्हणजे अक्षर उरतें, माणूस हरवतो. संग्राहकांनीं पत्राबरोबर रुमालाचें ठिकाण, पितृनाम, मूळ गांव, गोत्र व हुद्दा यांची नोंद अवश्य ठेवावी; उपनांवाचा निर्णय त्यानंतर करावा.