चालत्या यंत्रांचे पाहुणे

संग्रहालयात ठेवलेली बैलगाडी चालत नसली तरी बैलगाडीच असते. चाक, जू आणि साटा पाहिला की ती कशी चालत असेल हे डोळ्यांना कळते. जुन्या संगणकाचे तसे नाही. त्याची वीज बंद केली की समोर उरते ते एक रंगीत लोखंडी कपाट. त्याच्या पोटात जी कार्यप्रणाली चालत होती, ज्या आज्ञा दिल्या जात होत्या, एका वेळी चाळीस-पन्नास माणसे ज्या रीतीने एकच यंत्र वाटून घेत होती, त्यातले काहीही त्या कपाटावरून दिसत नाही. संगणकाचा इतिहास पाहायचा तर यंत्र चालू असावे लागते आणि आपण त्याच्याशी बोलू शकलो पाहिजे.

जगात काही हौशी माणसे अशी यंत्रे चालू ठेवतात आणि त्यांतल्या काहींनी ती एकमेकांना जोडून जाळी उभारली आहेत. पण यंत्र चालू केले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: ते वापरायचे कोणी? फक्त मालकाने, की वाटेवरून येणाऱ्या कोणीही? हा प्रश्न आजच्या हौशी मंडळींना पहिल्यांदा पडलेला नाही. ही यंत्रे नवी कोरी होती तेव्हाही तो होता आणि तेव्हा दिलेली उत्तरे आजच्या उत्तरांइतकीच उद्बोधक आहेत.

एमआयटीतले 'टूरिस्ट'

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे 'डेक', ही कंपनी १९५७ साली अमेरिकेतल्या मेनार्ड गावी एका जुन्या लोकर गिरणीच्या इमारतीत सुरू झाली. तिच्या 'पीडीपी' मालिकेतल्या यंत्रांनी संगणक मोठ्या कंपन्यांच्या काचबंद खोल्यांतून बाहेर काढून प्रयोगशाळा आणि विद्यापीठांत आणला. त्यांतला पीडीपी-१० हा छत्तीस बिटांचा संगणक खास वाटून वापरण्यासाठीच घडवलेला होता.

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या यंत्रासाठी स्वतःची कार्यप्रणाली लिहिली. एमआयटीतच आधी तयार झालेल्या प्रणालीच्या नावात 'कंपॅटिबल' हा शब्द होता. तिला चिमटा काढण्यासाठी यांनी आपल्या प्रणालीचे नाव ठेवले 'इनकंपॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम', थोडक्यात 'आयटीएस'. तिची रीतच वेगळी होती. सुरुवातीला पासवर्ड नव्हतेच. कोणाचीही फाइल कोणीही वाचावी. दुसऱ्याच्या पडद्यावर काय चालले आहे तेही पाहावे. सगळी यंत्रणा बंद पाडायची एक साधी आज्ञाच तिच्यात ठेवलेली होती. यामागचा तर्क असा की जे कोणालाही जमते ते करण्यात फुशारकी उरत नाही. कुलूपच नसेल तर कुलूप फोडण्याची मजा कोण घेणार?

१९६९ साली अर्पानेट सुरू झाले आणि पुढे ही यंत्रे त्याला जोडली गेली, तेव्हा बाहेरची माणसे दुरून आत येऊ लागली. कोणी दुसऱ्या विद्यापीठातले असे, तर कोणी टर्मिनल हाती लागलेला शाळकरी मुलगा. प्रयोगशाळेने त्यांना हाकलले नाही, त्यांना नाव दिले 'टूरिस्ट'. पुढे त्यांच्यासाठी लेखी धोरणही झाले. त्याचा गाभा हाच की यंत्र आधी संशोधकांचे आहे, पाहुण्याने कामाच्या गर्दीत अडथळा आणू नये, शिकायला यावे आणि घरच्यांचे ऐकावे. याच वातावरणात १९७६च्या सुमारास 'ईमॅक्स' हा संपादक आकाराला आला, जो आजही वापरात आहे. एमआयटीतली शेवटची आयटीएस यंत्रे १९९० साली बंद झाली.

त्याच सुमाराची सिएटलची गोष्ट संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तिथल्या लेकसाइड शाळेतली पॉल अॅलन आणि बिल गेट्स ही मुले १९६८ साली एका खासगी संगणक केंद्रातल्या पीडीपी-१०वर काम करू लागली. यंत्रणेतले दोष वापरून फुकट वेळ मिळवल्याबद्दल त्यांच्यावर बंदी आली. नंतर त्याच केंद्राशी त्यांचा करार झाला: त्यांनी दोष शोधून द्यायचे आणि बदल्यात यंत्राचा वेळ फुकट घ्यायचा. पाहुण्याला हाकलण्याऐवजी कामाला लावण्याची ही युक्ती होती. ती किती फळली हे वेगळे सांगायला नको.

एकच आवार

डेकने आपली यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून १९७०च्या दशकाच्या मध्यात 'डेकनेट' नावाची व्यवस्था आणली. तिच्या चौथ्या टप्प्यात प्रत्येक यंत्राला सोळा बिटांचा पत्ता मिळे. त्यातले सहा बिट विभागाचे आणि दहा यंत्राचे. म्हणजे ६३ विभाग आणि प्रत्येकात १०२३ यंत्रे. सगळे मिळून ६४,४४९ पत्ते. आजच्या मानाने हा आकडा एखाद्या तालुक्याएवढा. पण त्या काळी एक कंपनी किंवा एक देशभराची संशोधनसंस्था मावायला तो पुरेसा होता.

या जाळ्याची वृत्ती एका आवारात राहणाऱ्या बिऱ्हाडांसारखी होती. शेजारच्या यंत्राचे नाव, पुढे दोन अपूर्णविराम आणि त्यापुढे फाइलचे नाव लिहिले की ती फाइल आपल्याच घरात असल्यासारखी उघडे. अनोळखी यंत्राकडून मागणी आली तर ती पुरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी एक सामाईक खाते आधीच तयार असे. सोयीचे होते आणि ओळखीच्या माणसांत ते चालूनही गेले.

ऑक्टोबर १९८९मध्ये त्याची किंमत कळली. अमेरिकेच्या 'नासा'चे 'स्पॅन' हे संशोधकांचे जाळे डेकनेटवर चाले. प्लुटोनियमवर चालणारी वीज-उपकरणे घेऊन गॅलिलिओ हे यान गुरूकडे निघायचे होते आणि त्याविरुद्ध निदर्शने चालू होती. उड्डाणाच्या दोनच दिवस आधी या जाळ्यात एक 'वर्म', म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली, शिरली आणि पडद्यांवर अणुविरोधी घोषणा दिसू लागल्या. ती 'वँक' या नावाने ओळखली जाते. तिने कुठलेही अवघड कुलूप फोडले नव्हते. वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड एकच आहे का एवढे ती पाहत होती आणि सामाईक खाती चाचपत होती. संशय ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नकडे गेला. तिच्यात एक तपशील असा की विभाग क्रमांक ४८ तिने मुद्दाम वगळला होता. तो न्यूझीलंडचा विभाग. अण्वस्त्रमुक्त धोरण पत्करलेल्या शेजाऱ्याला तिने सोडून दिले.

एमआयटीत जो विश्वास जाणूनबुजून ठेवलेला होता, तोच इथे निष्काळजीपणाने राहून गेला होता. दोन्ही दारे उघडीच. फरक इतकाच की पहिल्या दाराशी कोणीतरी बसलेले होते.

उप्सालाची ओसरी

डेक कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ साली एचपीत विलीन झाली. कार्यालयांतून ही यंत्रे भंगारात निघाली आणि हौशी मंडळींच्या तळघरांत, गॅरेजमध्ये पोचली. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात १९८३पासून 'अपडेट' नावाचा संगणक क्लब आहे. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्याच्या परिघातून 'हेकनेट' हे हौशी डेकनेट उभे राहिले.

त्यातली मुख्य अडचण अशी. डेकनेटचे संदेश एका इमारतीतल्या इथरनेटच्या तारेवर धावतात. ते इंटरनेटवरून आपोआप जात नाहीत. त्यावर उपाय म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली गेली. ती तारेवरचा संदेश उचलते, जसाच्या तसा इंटरनेटच्या पाकिटात घालते आणि दुसऱ्या टोकाला पाकीट फोडून तिथल्या तारेवर सोडते. स्वीडनमधला पीडीपी-११ आणि अमेरिकेतला व्हॅक्स यांना वाटते की आपण एकाच खोलीत आहोत. ज्यांच्याकडे खरे यंत्र नाही ते 'सिमएच' हे नकली यंत्र आपल्या साध्या संगणकावर चालवून या खोलीत येतात. हे सिमएच बॉब सुपनिक यांनी १९९०च्या दशकात सुरू केले. ते एके काळी डेकचेच वरिष्ठ अधिकारी होते. आतल्या कार्यप्रणालीला खऱ्या-खोट्या यंत्रातला फरक कळत नाही.

आता या खोलीचे दार बाहेरच्यांना उघडायचे म्हणजे काय करायचे? हौशी लोकांची काळजी इथे योग्यच आहे. या कार्यप्रणाली १९७०-८०च्या आहेत. त्यांचे दोष दुरुस्त करणारी कंपनी उरलेली नाही. टेलनेटने आलात तर पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जातो. आणि एका यंत्रात शिरलेला पाहुणा आवारभर फिरू शकतो, कारण आवाराची रचनाच तशी आहे. १९८९चा धडा इथे जशास तसा लागू पडतो.

म्हणून व्यवहारात जी रीत बसली ती आपल्या जुन्या घरांच्या ओसरीसारखी आहे. पाहुण्याने थेट माजघरात यायचे नाही. एखादेच यंत्र पाहुण्यांसाठी राखायचे. त्याच्यापुढे आजच्या पद्धतीचा, संदेश गुप्त ठेवणारा एक लहानसा संगणक दारवान म्हणून बसवायचा. पाहुण्याच्या खात्याला वाचण्याचे आणि खेळण्याचे अधिकार द्यायचे, यंत्रणा बदलण्याचे नाहीत. सामाईक खाती बंद करायची किंवा त्यांच्यापुढे मोजक्याच फाइली ठेवायच्या. रोजच्या प्रती काढायच्या, म्हणजे कोणी मोडतोड केलीच तर कालचे घर आज पुन्हा उभे करता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस असले पाहिजे. टॉप्स-२०चे '@' हे चिन्ह समोर चमकते तेव्हा नवख्याला काय टंकावे तेच कळत नाही. एक प्रश्नचिन्ह टंकले की इथून पुढे काय काय चालेल याची यादी ती प्रणाली स्वतःच देते. ही एवढीशी गोष्ट कोणी सांगितली नाही तर पाहुणा दोन मिनिटांत परत फिरतो. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्या माझ्यासारख्याला या जगात पाऊल ठेवता आले ते अशाच कोणी सांगितलेल्या चार गोष्टींमुळे.

परवान्याचा प्रश्न आणखी वेगळा. व्हीएमएस ही व्हॅक्सची कार्यप्रणाली हौशी लोकांना १९९७पासून बिनव्यापारी वापरासाठी फुकट मिळत होती. २०२०मध्ये ती योजना बंद झाल्याचे जाहीर झाले आणि शेवटचे परवाने २०२१च्या अखेरीस संपले. नव्या कंपनीने पुढच्या यंत्रांसाठी हौशी परवाना दिला, पण व्हॅक्सला तो मिळाला नाही. यंत्र धडधाकट आहे, वीज आहे, माणूस आहे आणि कागद नाही म्हणून अधिकृतपणे ते चालवता येत नाही.

आश्रयदात्याचे दार

याच्या अगदी उलट वाटेने गेला तो पॉल अॅलन. मायक्रोसॉफ्टमधून मिळालेल्या पैशातून त्याने मुलपणीच्या यंत्रांचा शोध घेतला. ती दुरुस्त करून चालू केली आणि इंटरनेटवरून कोणालाही मागेल त्याला खाते देऊ केले. २०१२ साली सिएटलमध्ये हे संग्रहालय लोकांसाठी उघडले. त्याचे नाव पुढे 'लिव्हिंग कंप्युटर्स' असे झाले. तिथे यंत्रे काचेमागे नव्हती. पाहुण्याने बसावे आणि टंकावे. पीडीपी-१०ची खोली थंड ठेवायला लागणारी यंत्रणा, सुटे भाग, पगारी तंत्रज्ञ, कशाचीही कमतरता नव्हती.

ऑक्टोबर २०१८मध्ये अॅलन वारला. २०२०च्या सुरुवातीला साथीमुळे संग्रहालय बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. २०२४मध्ये ते कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी संग्रहातल्या अनेक वस्तू ख्रिस्तीजच्या लिलावात गेल्या. दुरुस्त करून चालवलेली यंत्रे पुन्हा वस्तू झाली.

पण तिथल्या पाहुण्यांना दुसरीकडे जागा मिळाली. 'एसडीएफ' ही संस्था १९८७ साली एका अॅपल-२ई संगणकावरच्या जपानी कार्टूनच्या चाहत्यांच्या फलकापासून सुरू झाली होती. सभासदांच्या वर्गणीवर ती चालते. टॉप्स-२० तिने आधीपासूनच लोकांसाठी उघडे ठेवले होते. सिएटल बंद झाल्यावर जुन्या प्रणालींचे दार उघडे ठेवण्याचे काम तिने वाढवले. एका धनवंताचे दार त्याच्यामागे सहा वर्षांत बंद झाले. दहा-वीस रुपयांच्या वर्गणीसारख्या छोट्या पैशांवर चालणारे दार उघडे आहे. याचा अर्थ आश्रयदाते नकोत असा नाही. अॅलन नसता तर त्यातली कित्येक यंत्रे आधीच वितळवली गेली असती. पण किल्ली एकाच्याच खिशात असेल तर काय होते, ते इथे स्पष्ट दिसते.

कुलाब्याचा प्रश्न

ही सगळी परदेशची हकिकत वाटेल, पण तिचा एक धागा मुंबईत येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' हा संपूर्ण देशी बांधणीचा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची स्मृती. १९६४ साली तिथे सीडीसी-३६०० आला. आणि १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने तिथल्या सॉफ्टवेअर केंद्रासाठी डेकसिस्टिम-१० आला. म्हणजे एमआयटी आणि सिएटलच्या यंत्रांचा सख्खा भाऊ. भारतातल्या संगणकशिक्षणाची एक पिढी त्याच्या टर्मिनलांवर घडली.

ती कपाटे परत आणण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तो पीडीपी-१० आज नकली यंत्राच्या रूपात कोणत्याही साध्या संगणकावर चालू करता येतो आणि टॉप्स-१०चा '.' पडद्यावर दिसतो. जे त्यात घालता येत नाही ते म्हणजे कुलाब्यात लिहिल्या गेलेल्या आज्ञावल्या, तिथल्या वापराच्या रीती, टर्मिनलसाठी लागणाऱ्या रांगांची आठवण. त्या कुठल्या चुंबकीय फितींवर, कागदांवर आणि बहुतांशी माणसांच्या डोक्यात आहेत. १९७५ साली पंचविशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. फिती त्याहून लवकर झिजतात.

यंत्राला चालू ठेवते ती वीज. त्याला जिवंत ठेवतो तो त्याच्यासमोर बसून काहीतरी टंकणारा नवखा आणि त्याच्या शेजारी बसून 'प्रश्नचिन्ह टाकून बघ' म्हणणारा जाणता. आपल्याकडे नवखे पुष्कळ आहेत. जाणत्यांना शोधण्याचे काम मात्र आताच करावे लागेल, पुढच्या दशकात ते करता येणार नाही.