वादकाच्या हातातलं व्हायोलिन हिसकावून फोडणारा राजा : काय होता लंडनचा 'पिएरो प्लेअर्स' ग्रुप?

२२ एप्रिल १९६९. लंडनचा क्वीन एलिझाबेथ हॉल. स्टेजवर मोठमोठे पिंजरे, आणि त्यांत पक्षी नाहीत तर वादक बसलेले. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे चौघं पिंजऱ्यात. त्यांच्यामध्ये फिरणारा एक माणूस किंचाळतोय, घोगरा होतोय, मध्येच बाईच्या आवाजात गातोय. शेवटाकडे तो पिंजऱ्यात हात घालतो, वादकाचं व्हायोलिन ओढून घेतो आणि फोडून टाकतो.

ही होती 'एट साँग्ज फॉर अ मॅड किंग', म्हणजे 'वेड्या राजाची आठ गाणी'. संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस, आणि वाजवणारा ग्रुप 'द पिएरो प्लेअर्स'. पुढच्या वर्षी याच ग्रुपचं नाव 'द फायर्स ऑफ लंडन' झालं. आजही जगभरात आधुनिक क्लासिकल संगीत वाजवणारे कित्येक ग्रुप यांनी रुळवलेल्या साच्यातच बसतात.

हा साचा आला कुठून, हे कळायला १९१२ च्या बर्लिनला जावं लागतं. अल्बर्टिन त्सेमे नावाच्या अभिनेत्रीला कवितावाचनासाठी पियानोची साथ हवी होती. तिने हे काम आर्नोल्ड शोएनबर्गला दिलं. शोएनबर्गने पियानोला बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो जोडले आणि २१ कवितांचं 'पिएरो ल्युनेर' तयार केलं. पिएरो म्हणजे जुन्या युरोपियन नाटकांतला पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक.

यातली बाई गात नाही आणि नुसती बोलतही नाही. सूर कागदावर लिहिलेला असतो, पण तिने त्याला फक्त स्पर्श करायचा आणि लगेच घसरत पुढच्या शब्दाकडे जायचं, सुरावर थांबायचं नाही. या पद्धतीला जर्मनमध्ये 'श्प्रेखश्टिमे' म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या प्रयोगाआधी ४० तालमी घ्याव्या लागल्या होत्या.

आता पुन्हा लंडन. डेव्हिस आणि हॅरिसन बर्टविसल हे दोघं मँचेस्टरमध्ये एकत्र शिकलेले, एकाच वर्षी, १९३४ मध्ये जन्मलेले. मोठ्या ऑर्केस्ट्राने आपली कामं वाजवावीत याची वाट पाहण्यापेक्षा त्यांनी १९६७ मध्ये स्वतःचाच ग्रुप काढला. शोएनबर्गची पाच वाद्यं घेतली, तालवाद्यं वाढवली, सोबत एक आवाज. पियानोवर होता स्टीफन प्रुस्लिन, जो संगीतकारांसाठी नाटकही लिहायचा. क्लॅरिनेटवर ॲलन हॅकर. १९६६ मध्ये पाठीच्या कण्यातल्या रक्ताच्या गाठीमुळे त्याचे पाय निकामी झाले होते. तो व्हीलचेअरवरून वाजवायचा आणि उत्तम वाजवायचा.

सहा वादकांचा हिशेब व्यवहारी होता. इतक्या जणांचा प्रवास परवडतो, तालमी भरपूर घेता येतात. आणि फुंकून, ओढून, ठोकून वाजणारी सगळी वाद्यं हाताशी असल्यामुळे रंगही भरपूर मिळतात.

मग हा वेडा राजा कोण? इंग्लंडचा तिसरा जॉर्ज. १७६० ला गादीवर आला, १८२० ला वारला. शेवटची जवळपास दहा वर्षं कारभार मुलाच्या हातात होता, कारण राजाचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्याच्याकडे आठ सुरावटी वाजवणारा एक छोटा यांत्रिक ऑर्गन होता आणि त्यावरून तो पाळलेल्या पक्ष्यांना गाणं शिकवायचा प्रयत्न करायचा. हा ऑर्गन १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियन लेखक रँडॉल्फ स्टोच्या पाहण्यात आला. आठ सुरावटींच्या आठ कविता झाल्या, त्यांत राजाची स्वतःची काही वाक्यंही आली. पिंजऱ्यातले वादक म्हणजे राजाचे पक्षी. तालवाद्यवाला मात्र बाहेर, कारण तो राजाचा पहारेकरी. तिसऱ्या गाण्याची तर स्वरलिपीच पिंजऱ्याच्या आकारात काढलेली आहे. गजांसारख्या उभ्या-आडव्या ओळी, त्यावर स्वर.

हा आवाज काढणार कोण, हा खरा प्रश्न होता. उत्तर होतं रॉय हार्ट, दक्षिण आफ्रिकेतून आलेला नट. त्याचे गुरू आल्फ्रेड वोल्फझोन पहिल्या महायुद्धात लढलेले. खंदकांत मरणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या त्यांच्या डोक्यातून जात नव्हत्या. मग त्यांनी उलटा विचार केला : माणसाचा गळा हेही करू शकतो, तर ते दाबायचं कशाला? त्यातून त्यांनी आवाजाची जी तालीम बसवली, तिने हार्टचा गळा पाच सप्तकांच्या आसपास फिरायला लागला. एकाच वेळी दोन-तीन सूर ऐकू येतील असा फाटका आवाजही तो काढायचा. डेव्हिसने हे सगळं कागदावर मांडलं. हार्टशिवाय कुणाला जमेल का, अशी शंका होती. जमलं.

ग्रुपसोबत या कामाचं गाजलेलं रेकॉर्डिंग केलं ते ज्युलियस ईस्टमनने. हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक, पियानिस्ट आणि स्वतः मोठा संगीतकार. रेकॉर्डिंगला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पण पुढे ईस्टमनचे दिवस फिरले, घर गेलं, बऱ्याच स्वरलिपीही गेल्या. १९९० मध्ये तो वारला, तेव्हा वर्तमानपत्रात बातमी यायला काही महिने गेले. आज त्याच्या रचना पुन्हा शोधून वाजवल्या जातायत.

वेडाचा तमाशा मांडलाय का, हा आक्षेप या कामावर घेता येतो आणि तो अगदीच फालतू नाही. आजारी माणसाच्या ओरडण्याला तिकीट लावलंय, असं वाटू शकतं. पण नीट ऐकलं तर हसू राजाचं येत नाही. हँडेलच्या 'मसाया'मधली धीर देणारी ओळ इथे डान्स हॉलच्या चालीवर वाकडी होऊन येते आणि लगेच व्हायोलिन फुटतं. राजाने फोडलेला तो त्याचाच पक्षी असतो. आठव्या गाण्यात तो स्वतःच्याच मृत्यूची बातमी सांगतो आणि पहारेकरी त्याला हाकलत बाहेर नेतो. त्यानंतर टाळी वाजवायला हात पटकन उचलत नाही. (प्रयोगात स्वस्तातलं व्हायोलिन फोडतात, म्हणजे दर प्रयोगाच्या खर्चात एक व्हायोलिन धरावंच लागतं.)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात डेव्हिसचं 'वर्ल्डेस ब्लिस' वाजलं, तेव्हा बरेच लोक उठून गेले होते. १९७० च्या सुमारास बर्टविसलही ग्रुपमधून बाहेर पडला. डेव्हिसने मात्र ग्रुप १९८७ पर्यंत चालवला. स्वतः तो स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जाऊन राहिला आणि २००४ मध्ये, गंमत बघा, ब्रिटनच्या राणीचा अधिकृत संगीतकार झाला. वेड्या राजाची गाणी लिहिणारा माणूस राजघराण्याच्या सेवेत!

ग्रुप बंद झाला तरी सहा वाद्यांची जुळणी राहिली. अमेरिकन संगीतकार एलियट कार्टरने 'ट्रिपल डुओ' फायर्स ऑफ लंडनसाठीच लिहिलं होतं. १९९६ मध्ये सुरू झालेला अमेरिकेतला 'एट्थ ब्लॅकबर्ड' हाही याच साच्यातला, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या स्टीव्ह राइशच्या 'डबल सेक्स्टेट'ला २००९ चं पुलित्झर मिळालं.

ऐकायचं असेल तर आधी 'पिएरो ल्युनेर'चे सुरुवातीचे दोन-तीन तुकडे ऐका, प्रत्येक तुकडा एक-दोन मिनिटांचाच आहे. मग ईस्टमनचा राजा. तो सुमारे अर्ध्या तासाचा आहे. हेडफोन लावणार असाल तर आवाज कमी ठेवून सुरू करा.