सोळा आण्यांचं पीक

अकोला जिल्ह्यात बाळापूर-तेल्हाऱ्याकडे पराटीच्या धुऱ्यावर उभा राहिलेला जुना शेतकरी अजून "औंदा आठ आणेच पीक हाये" असंच सांगतो. आणा चलनातून जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली, तरी पिकाचं माप 16 च्या आकड्यातच उरलं आहे.

या आकड्याचा सारा जीव निम्म्यात आहे. 16 चे निम्मे 8, मग 4, 2, शेवटी 1. चार वेळा अर्धं केलं तरी कुठे तुकडा पडत नाही. शंभर तिसऱ्याच वेळी साडेबारावर अडतो. शेराचे छटाकही 16. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर ही वजनं प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे 1, 2, 4 आणि 8 छटाकांची. एवढी चारच तराजूशी असली की 1 पासून 15 छटाकांपर्यंतचं कुठलंही माप जमतं आणि सोळाव्याला शेर हजर असतो. बाजारात बसणाऱ्या माणसाने पाटी-पेन्सिल न घेता उभं केलेलं हे गणित मला फार सुंदर वाटतं.

16 चं आणखी एक वेगळेपण आहे. दोनाचा चौथा घात 16 आणि चाराचा वर्गही 16. पाया आणि घातांक यांची अदलाबदल करूनही उत्तर तेच, अशी दोन वेगळ्या धन पूर्णांकांची जोडी ही एकच. चार एकक बाजूचा चौरस काढा: परिमितीही 16, क्षेत्रफळही 16.

1835 च्या कायद्याने कंपनीचा रुपया 16 आण्यांचा, म्हणजे 64 पैशांचा किंवा 192 पैंचा ठरला. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्या कारभारात पीकही याच आण्यांत मोजलं गेलं: पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आणि हंगाम किती आणे उतरला त्यावर शेतसाऱ्याची सूट-तहकुबी, ही आणेवारी. नजरेने पीक जोखायला हे माप चपखल होतं. डोळ्याला निम्मं कळतं, निम्म्याचं निम्मं कळतं, अगदी कसलेल्या डोळ्याला त्याचंही निम्मं.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला. सव्वासहाचं नाणं पाडणार कसं? चार, आठ आणि बारा आणे मात्र 25, 50, 75 वर नेमके बसले, म्हणून चाराणे-आठाणे-बाराणे बोलण्यात टिकले. तीन आणे, पाच आणे विरले. 25 पैशांचं नाणंही 30 जून 2011 नंतर चालेनासं झालं.

आणेवारीची पैसेवारी झाली. विदर्भात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम 31 डिसेंबरला. आखलेल्या तुकड्यातलं पीक कापून, तोलून, प्रमाण उत्पन्नाशी ताडून अंतिम आकडा निघतो. तो पन्नास पैशांच्या आत आला तर सवलतींचं दार उघडतं. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवळ हे निकष पुढे आणले, तरी अकोल्यात डिसेंबरअखेर डोळे लागतात ते पैसेवारीकडेच.

पहिल्या आकड्याच्या नावात अजून 'नजर' आहे, आणि तिच्याकडून शंभरातला एकेक पैसा मागितला जातो. खारपाणपट्ट्यातल्या शेतात उभं राहून 49 आणि 51 मधला फरक कुणाच्याच डोळ्याला दिसायचा नाही. सोळा आण्यांच्या मापात तो एका आण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो.