नवसागर

नवसागर : अमोनियम क्लोराइड या लवणाचे मराठीतील जुने नाव. हे लवण पांढरे, स्फटिकमय व चवीला खारट असून पाण्यात सहज विरघळते. विरघळताना पाणी थंड होते. तापविल्यास ते न वितळता वायुरूप होते व थंड पृष्ठभागावर पुन्हा घनरूपात जमते (संप्लवन). नाव 'नवसागर' असले, तरी सागराशी त्याचा संबंध नाही. समुद्रापासून मिळणारे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड होय. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील व कारागिरांच्या बोलीतील या संज्ञेचा अर्थ लावताना शब्दाच्या ध्वनीवर न विसंबता द्रव्याची उत्पत्ती व उपयोग पाहावे लागतात.

संज्ञेचा इतिहास : संस्कृत रसग्रंथांत या लवणास 'नवसार', 'नरसार' व 'चूलिकालवण' अशी नावे आहेत. फार्सीत त्यास 'नौशादर', हिंदीत 'नौसादर' व चिनी भाषेत 'नाओशा' म्हणतात. 'नवसार' व 'नौशादर' यांतील साम्य उघड असून मराठीतील 'सागर' हे त्याच शब्दाला परिचित शब्दाच्या साच्यात बसविण्यातून आलेले रूप दिसते. चरक व सुश्रुत यांच्या संहितांतील पंचलवणांत नवसागराचा समावेश नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांतील रसरत्नसमुच्चय या ग्रंथात मात्र आठ साधारण रसांत त्याची गणना केलेली आढळते.

यांपैकी 'चूलिकालवण' ही संज्ञा आज दुर्मिळ झाली आहे. रसरत्नसमुच्चयात तिचा संबंध करीर व पीलू या वनस्पतींची लाकडे जाळण्याशी, तसेच विटा भाजताना मिळणाऱ्या फिकट, हलक्या लवणाशी जोडला आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी विटांच्या भट्टीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. शेण व केरकचरा यांत नायट्रोजनाची संयुगे व क्लोराइडे असतात. ती जळताना निघणाऱ्या धुरातून अमोनियम क्लोराइड भट्टीच्या थंड भागावर साचते. कर्नाल परिसरात (आताचे हरयाणा राज्य) विटांच्या भट्ट्यांतून नवसागर काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकातही चालू होता. ईजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या काजळीचे संप्लवन करून ते मिळवीत व यूरोपला पाठवीत. मध्य आशियात जळत्या कोळशाच्या थरांच्या भेगांतूनही ते मिळे.

यूरोपातही असाच घोटाळा झाला. प्लिनीने उल्लेखिलेले लिबियाच्या वाळवंटातील अमोन देवतेच्या परिसरातले मीठ बहुधा साधे खनिज मीठ होते. पुढे तेच नाव नवसागराला मिळाले व त्यावरून १७८२ मध्ये टॉर्बर्न बर्गमान यांनी 'अमोनिया' ही संज्ञा रूढ केली.

मराठवाड्यातील उपयोग : लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे पूर्वीच्या निलंगा भागातील गाव. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे बीदरची बिदरी कारागिरी हा या प्रदेशाच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो. या कामात जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात व तीवर चांदीची नक्षी जडवितात. अखेरीस बीदरच्या किल्ल्यातील सोरायुक्त माती व नवसागर यांचे पाण्यातील मिश्रण लावतात. त्यामुळे मिश्रधातू गडद काळी पडते. चांदी मात्र तशीच राहून उठून दिसते. बिदरीचे सौंदर्य या एका रासायनिक क्रियेवर अवलंबून आहे.

कल्हईवाल्यांनी ही संज्ञा घरोघरी पोहोचविली. तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर नवसागराची पूड टाकली, की तिचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होऊन भांड्यावरील ऑक्साइडाचा थर निघून जातो व कथिल सारखे पसरते. भांड्यातून उठणारा पांढरा धूर हा याच लवणाचा होय. स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाल्यावर कल्हईचा व्यवसाय ओसरला व त्याबरोबर शब्दाचा हा वापरही मागे पडला.

१८६६ मध्ये झॉर्झ लक्लांशे यांनी तयार केलेल्या विद्युत् घटात नवसागराचा विद्राव वापरला होता. पुढील कोरड्या घटांतही ते वापरण्यात आले. औषधांत कफोत्सारक म्हणूनही त्याचा उपयोग केला जातो.

अर्थांतर : पाठ्यपुस्तकांत आता 'अमोनियम क्लोराइड' ही संज्ञा स्थिरावली आहे. 'नवसागर' हा शब्द सामान्य वाचकास मुख्यतः हातभट्टीच्या दारूवरील कारवाईच्या वृत्तांतून भेटतो. गुळाच्या सडव्यात ते घालतात. त्यातील नायट्रोजनावर किण्वाची वाढ होते. अशा वृत्तांत सडव्याला 'रसायन' म्हणतात, तर आयुर्वेदात 'रसायन' म्हणजे जरा व व्याधी दूर ठेवणारे औषध. नवसागर व रसायन हे दोन्ही रसविद्येतील शब्द अशा रीतीने मूळ संदर्भापासून तुटले आहेत. भट्टी, कल्हई व बिदरी यांचा संदर्भ सोडून नवसागराचा अर्थ लावल्यास त्यामागील कारागिरांचे रासायनिक ज्ञान दृष्टीआड होते.