पॅकेटांचे सुरक्षा-लेबलन

पॅकेटांचे सुरक्षा-लेबलन : संगणकांच्या जाळ्यातून जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविली जाते. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. पॅकेटातील माहिती किती गोपनीय आहे व ती कोणत्या गटासाठी आहे हे दर्शविणारी खूण पॅकेटास जोडणे, आणि ती खूण पाहून पॅकेट स्वीकारणे वा नाकारणे, या क्रियेस सुरक्षा-लेबलन अशी संज्ञा आहे. ही क्रिया परिचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये घडते. उपयोजन-आज्ञावलींवर हे काम सोपविता येत नाही, कारण ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांत त्याही मोडतात.

या कल्पनेचे मूळ लष्करी कागदपत्रांवर मारल्या जाणाऱ्या शिक्क्यांत आहे. एकाच संगणकावर वेगवेगळ्या अधिकाराच्या व्यक्ती काम करू लागल्या, तेव्हा कागदावरचा शिक्का संगणकातील धारिकेवर कसा उमटवावा, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हवाई दलापुढे उभा राहिला. जेम्स पी. अँडरसन यांनी १९७२ मध्ये सादर केलेल्या अहवालात प्रत्येक प्रवेशाची तपासणी करणाऱ्या, टाळता न येणाऱ्या व पडताळून पाहता येईल इतक्या लहान अशा ‘संदर्भ-निरीक्षका’ची कल्पना मांडली. डेव्हिड बेल व लेनर्ड लापाडुला यांनी १९७३ मध्ये तिला गणिती रूप दिले. त्यांच्या प्रतिमानाचे सार दोन नियमांत येते : खालच्या पातळीवरील व्यक्तीने वरच्या पातळीवरील मजकूर वाचू नये आणि वरच्या पातळीवरील व्यक्तीने खालच्या पातळीवर काही लिहू नये. दुसरा नियम पहिल्याइतका सहज पटत नाही. परंतु गुपित फुटते ते बहुधा त्याच वाटेने.

एका यंत्रापुरते हे नियम पाळणे कठीण असले तरी शक्य होते. माहिती तारेवरून दुसऱ्या यंत्राकडे निघाली की मात्र धारिकेचे लेबल मागेच राहते. ही उणीव जाणून सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या विनिर्देशात पॅकेटाच्या शीर्षभागात सुरक्षेसाठी ११ बाइटांचा एक ऐच्छिक भाग ठेवण्यात आला. त्यात गोपनीयतेच्या पातळीसाठी १६ बिटांची जागा होती व १६ मूल्ये ठरविलेली होती. त्यांपैकी ८ पुढील उपयोगासाठी राखीव होती. या भागाचा क्रमांक १३० आहे. त्यातील सर्वोच्च बिट १ असल्यामुळे वाटेत पॅकेटाचे आणखी तुकडे झाले, तरी प्रत्येक तुकड्यावर लेबलाची प्रत उमटते. आज सार्वत्रिक झालेल्या या प्रोटोकॉलच्या घडणीत लष्करी गरजेचा किती वाटा होता, ते या लहानशा तपशिलावरून दिसते.

अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व १९८५ मध्ये सुधारलेल्या मूल्यमापन-निकषांनी (मुखपृष्ठाच्या रंगामुळे हा ग्रंथ ‘नारिंगी पुस्तक’ म्हणून ओळखला जातो) या विषयास व्यापारी महत्त्व आणले. बी-१ व त्यावरील वर्गाच्या प्रणालीने यंत्राबाहेर जाणाऱ्या माहितीबरोबर तिचे लेबलही पाठविले पाहिजे, अशी अट त्यात होती. सरकारी खरेदी या वर्गांवर अवलंबून असल्याने उत्पादकांनी लेबले जोडणाऱ्या प्रणाली तयार केल्या. स्टीफन केंट यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये सुधारून मांडलेल्या लष्करी लेबलात चार पातळ्यांचे संकेतांक अशा रीतीने निवडले होते, की कोणत्याही दोहोंत किमान ४ बिटांचा फरक पडावा. तारेवरील एखाद्या बिटाच्या बिघाडाने ‘परमगोपनीय’ पॅकेट ‘अगोपनीय’ ठरू नये, हा त्यामागील हेतू होता. बिघाडाविरुद्ध ही तजवीज पुरेशी होती. पण मुद्दाम खोटे लेबल लावणाऱ्याविरुद्ध तिचा काहीच उपयोग नव्हता.

लष्करी पातळ्या व्यापारी संस्थांच्या सोयीच्या नव्हत्या. म्हणून उत्पादकांच्या एका गटाने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिप्सो या नावाची सर्वसाधारण लेबल-पद्धती तयार केली. इंटरनेटच्या मानक-संस्थेपुढे तिचा मसुदाच राहिला, त्यास मानकाचा दर्जा कधी मिळाला नाही. तरी प्रत्यक्षात हीच पद्धती टिकून राहिली. तिच्यात एक पातळी व अनेक वर्ग नोंदविता येतात. शीर्षभागातील ऐच्छिक मजकुरास एकूण ४० बाइटच मिळतात. त्यांतून क्रमांक, लांबी इत्यादींचे १० बाइट वजा जाता ३० बाइट, म्हणजे २४० बिट, वर्गांसाठी उरतात. म्हणून बिट-नकाशाच्या रूपात २४० हून अधिक वर्ग दाखविता येत नाहीत. मात्र या पद्धतीतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे लेबलाच्या आरंभी येणारा ३२ बिटांचा ‘अर्थक्षेत्र’ क्रमांक. पातळी ५ किंवा वर्ग १७ म्हणजे काय, हे पॅकेटात कोठेच लिहिलेले नसते. त्या अर्थक्षेत्रात सामील असलेल्या यंत्रांनी ते आधीच आपसांत ठरविलेले असावे लागते. आकडा प्रवास करतो, अर्थ करीत नाही. दोन संस्थांनी तोच क्रमांक वेगळ्या अर्थाने वापरला, तर कोणताही नियम न मोडता गुपित बाहेर जाऊ शकते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. विश्वसनीय संदेशवहनासाठी प्रत्येक पॅकेट पोहोचल्याची पोच उलट दिशेने पाठवावी लागते. खालच्या पातळीवरून वर जाणारा मजकूर नियमात बसतो. परंतु त्याची पोच ही वरून खाली जाणारी माहितीच होय. पोच केव्हा द्यावयाची याचे अंतर कमीजास्त करून वरच्या पातळीवरील आज्ञावली एकेक बिट खाली पोहोचवू शकते. त्यामुळे लेबले जोडणाऱ्या जाळ्यांत दोन्ही टोकांची पातळी सामान्यतः सारखीच ठेवावी लागते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने १९९३ मध्ये मांडलेला ‘पंप’ हा पोचेचा वेळ मुद्दाम अनिश्चित करून हा मार्ग अरुंद करतो. तो पूर्णपणे बंद करीत नाही.

लिनक्स कर्नलमध्ये या विषयाला वेगळेच वळण मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये सुरक्षा-वर्धित लिनक्स सार्वजनिक केले. २००१ पासून विविध सुरक्षा-विभाग जोडता यावेत म्हणून कर्नलमध्ये ठिकठिकाणी तपासणीचे आकडे बसविण्याचे काम सुरू झाले. कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेटाचे वर्णन करणारी एक नोंद स्मृतीत असते. या नोंदीत सुरक्षा-माहितीसाठी स्वतंत्र जागा असावी, अशी मूळ योजना होती. जाळे-विभागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या अभियंत्यांना ती मान्य झाली नाही व मुख्य कर्नलमध्ये समावेश होताना ती गाळण्यात आली. हा विरोध केवळ हट्टाचा नव्हता. वेगवान यंत्रात दर सेकंदास लक्षावधी नोंदी निर्माण व नष्ट होतात आणि त्यांतील प्रत्येक वाढीव बाइटाचा भार लेबलांशी काहीही संबंध नसलेल्या वापरकर्त्यांवरही पडतो. मूठभर संस्थांच्या गरजेची किंमत सर्वांनी द्यावी काय, हा प्रश्न येथे तांत्रिक वेषात उभा होता.

तडजोड २००६ मध्ये निघाली, आणि तीही एक नव्हे, तीन निरनिराळ्या मार्गांनी. ट्रेंट येगर व त्यांचे सहकारी यांच्या पद्धतीत लेबल पॅकेटात नसतेच. दोन यंत्रे कूटलेखनाची किल्ली ठरविताना लेबलावरही एकमत करतात व त्या किल्लीने बांधलेली सर्व पॅकेटे त्याच लेबलाची समजली जातात. खोट्या लेबलाविरुद्ध खरे संरक्षण यातच मिळते. मात्र यासाठी दोन्ही यंत्रांवरील नियमावली जुळती असावी लागते. किल्ल्यांच्या वाटाघाटीत लेबल कसे नमूद करावे, याचा विनिर्देश २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेम्स मॉरिस यांच्या पद्धतीत लेबल यंत्राबाहेर जात नाही. फायरवॉलच्या नियमांनी आलेल्या पॅकेटास नोंदीतील ३२ बिटांच्या एका क्षेत्रात खूण दिली जाते व कोणत्या प्रक्रियेने ते घ्यावे हे त्यावरून ठरते. मूळ मागणी पूर्ण जागेची होती, पदरात पडली ती एवढीच. तिसरी पद्धती पॉल मूर यांनी जुन्या सिप्सोसाठी तयार केली. ट्रस्टेड सोलारिससारख्या आधीच्या प्रणालींशी बोलता यावे हा तिचा उद्देश होता. सुरक्षा-वर्धित लिनक्सच्या लेबलात वापरकर्ता, भूमिका, प्रकार व पातळी असे चार घटक असतात. सिप्सोतून त्यांपैकी शेवटचा तेवढाच पलीकडे जातो. एकाच यंत्रातील दोन प्रक्रियांमध्ये मात्र संपूर्ण लेबल पोहोचविता येते, कारण तेथे आकड्याचा अर्थ लावणारा एकच असतो.

केसी शॉफ्लर यांचा स्मॅक हा सुरक्षा-विभाग २००८ मध्ये कर्नलमध्ये आला. त्याने २३ अक्षरांपर्यंतच्या लेबलाची अक्षरेच वर्गांच्या बिटांत भरून हा प्रश्न चातुर्याने सोडविला. इंटरनेट प्रोटोकॉलच्या सहाव्या आवृत्तीसाठी कॅलिप्सो ही पद्धती जुलै २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. लिनक्समध्ये ती २०१६ साली आली.

रक्षणासाठी बसविलेली आज्ञावली स्वतःच धोक्याची ठरू शकते, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. सिप्सो लेबलातील वर्गांचा नकाशा रिकामा असल्यास लिनक्स कर्नल अस्तित्वात नसलेल्या स्मृतिस्थानाकडे वळत असे व दूरच्या यंत्रावरून पाठविलेल्या पॅकेटाने संपूर्ण यंत्र बंद पाडता येत असे. दोष लवकरच दुरुस्त झाला. ३२ बिटांच्या क्षेत्राची अडचण मात्र तशीच राहिली : एकाहून अधिक सुरक्षा-विभाग एकाच वेळी चालविण्याचे प्रयत्न सुरू झाल्यावर त्या एका जागेवर एकच विभाग आपली खूण ठेवू शकतो, असे आढळून आले.