आजोबांच्या जुन्या फोटोतली मोटारसायकल कोणती, कधीची? कसं ओळखायचं

वसई-विरारमधल्या फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने कौटुंबिक फोटो सतत फिरत असतात. केळीची वाडी, मागे कौलारू घर, समोर मोटारसायकल आणि तिच्यावर ऐटीत बसलेला तरुण. खाली ओळ असते, ‘आमचे आजोबा, १९५५, बुलेट’. पाठोपाठ प्रतिक्रिया येतात: ही बुलेट नाही, जावा आहे. कुणी म्हणतं बीएसए, कुणी म्हणतं मिलिटरीची गाडी.

हा वाद फक्त गाडीच्या नावाचा नसतो. गाडी नीट ओळखता आली तर फोटो कोणत्या सालाच्या आधीचा असूच शकत नाही, हे कळतं. त्यावरून कधीकधी फोटोतला माणूस कोण, याचंही उत्तर बदलतं.

गाडीवरून फोटोचं साल कळतं का?

अर्धंच कळतं. एखादं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचा फोटो निघू शकत नाही. पण गाडी वीस-पंचवीस वर्षं वापरात राहू शकते. म्हणजे १९५४ ची गाडी दिसली म्हणून फोटो १९५४ चा ठरत नाही, तो १९७० चाही असू शकतो. गाडी खालची मर्यादा सांगते. वरची मर्यादा कपडे, माणसांची वयं आणि मागची इमारत यांवरून शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फोटोत गाडीवर बसलेला माणूस तिचा मालक असेलच असं नाही. मित्राची, साहेबांची किंवा पाहुण्यांची गाडी दारात आली की तिच्यावर बसून फोटो काढायची हौस तेव्हाही होती.

सगळ्यात आधी काय पाहायचं?

फोटो उलटा छापलेला नाही ना, हे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं आणि पुढचे सगळे अंदाज चुकतात. पुरुषांच्या शर्टाचा खिसा सहसा त्यांच्या डाव्या छातीवर असतो. तो उजवीकडे दिसला तर शंका घ्यावी. टाकीवरची किंवा पाटीवरची अक्षरं पाहावीत.

त्यानंतर फोटो स्कॅन करावा, किमान ६०० डीपीआयवर. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. पान तसंच ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता मोबाइलवर टिपावा. निगेटिव्ह शिल्लक असेल तर तीच स्कॅन करावी. तिच्यात छापील फोटोपेक्षा जास्त तपशील असतो.

नंबरप्लेट काय सांगते?

जुन्या मोटारसायकलींना पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या दिशेने बसवलेली लांबट कमानदार पाटी असे. त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोतही नंबर दिसतो.

मुंबई राज्याच्या काळातल्या मालिका ‘बी’ने सुरू होत, उदाहरणार्थ ‘बीएम’ आणि पुढे आणखी एक अक्षर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी मालिका आल्या, उदाहरणार्थ ‘एमआर’ आणि पुढे एक अक्षर. ‘एमएच’ आणि त्यापुढे दोन आकडी कार्यालय क्रमांक ही आजची पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला.

वसईपुरतं एक भान हवं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे ‘एमएच ०४’ ही ठाण्याची पाटी वसईतल्या अनेक गाड्यांवर दिसते. ‘एमएच ४८’ ही ‘एमएच ०४’च्या नंतर आलेली. मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या मुंबईत नोंदवलेल्याही असत. ‘बी’ची पाटी असलेली गाडी १९६० नंतरही त्याच पाटीवर धावत राहिली, हेही विसरू नये.

यंत्राच्या ठेवणीवरून काळ कसा ओळखायचा?

टाकीवरचं नाव वाचता येत नसेल तर तीन जागा पाहाव्यात.

पुढचा भाग: हेडलाइटजवळ एक मोठी उघडी स्प्रिंग आणि तिच्याभोवती लोखंडी दांड्यांची चौकट दिसली तर तो गर्डर फोर्क. ब्रिटिश गाड्यांमध्ये हा प्रकार दुसऱ्या महायुद्धापर्यंत सर्रास होता. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे शॉकअप युद्धानंतर रुळले.

मागचा भाग: मागच्या चाकाला शॉकअपच नसतील आणि सीटखाली नुसत्या स्प्रिंगा असतील तर गाडीची घडण बहुधा युद्धकाळातली किंवा त्याआधीची. दोन्ही बाजूंना शॉकअप असलेली मागची रचना १९५० च्या दशकात सर्वत्र पसरली.

टाकी आणि सीट: फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये बसवलेली चपटी टाकी १९२० च्या दशकातली. फ्रेमवर खोगिरासारखी बसणारी टाकी त्या दशकाच्या अखेरीस आली. सायकलसारखी एकट्याची सीट आधीची, दोघांची लांब सलग सीट १९५० च्या दशकात रुळलेली.

‘मिलिटरीची गाडी’ म्हणजे कोणती?

युद्धात ब्रिटिश फौजेसाठी बीएसए एम २० ही ५०० सीसीची गाडी सव्वा लाखाहून जास्त संख्येने बनली. नॉर्टन १६ एच आणि मॅचलेस जी ३ याही मोठ्या प्रमाणात बनल्या. युद्ध संपल्यावर फौजेकडच्या जास्तीच्या गाड्या विक्रीला निघाल्या आणि खासगी हातांत गेल्या.

एम २० ला गर्डर फोर्क आहे आणि मागे शॉकअप नाहीत. मॅचलेस जी ३ एलला मात्र युद्धातच, १९४१ पासून, नळ्यांचे शॉकअप मिळाले होते. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. टाकीवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसल्या तर ती बीएसए. ही कंपनी मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी. तोफेचं चिन्ह रॉयल एनफिल्डचं, पंख असलेला ‘एम’ मॅचलेसचा.

बुलेट, जावा की राजदूत?

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची चणचण वाढली आणि आयातीवरचे निर्बंध कडक झाले. त्यामुळे १९६० ते १९८० च्या सुमाराच्या फोटोत मोटारसायकल असेल तर ती बहुधा तीनपैकी एक निघते. याच काळात व्हेस्पा-बजाज आणि लॅम्ब्रेटा या स्कूटरही घरोघर आल्या, पण त्या लगेच वेगळ्या ओळखू येतात.

बुलेट: एकच उभं, उंच इंजिन, फोर स्ट्रोक. एकच सायलेन्सर, तोही उजवीकडे. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन छोटे पायलट लॅम्प. ही ठेवण १९५४ च्या सुमारास आली. ‘बुलेट’ हे नाव १९३२ पासूनचं असलं, तरी दोन्हीकडे शॉकअप असलेली ओळखीची बुलेट युद्धानंतरची. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. ‘१९४२ ची बुलेट’ म्हणून फिरणाऱ्या फोटोत मागे शॉकअप दिसत असतील, तर साल चुकलेलं आहे.

जावा: इंजिनाला सिलिंडर एकच, पण त्यातून दोन नळ्या निघतात आणि दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. थेंबासारखी टाकी, तिच्या कडेला चकचकीत क्रोम. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, डावीकडे. इराणी कुटुंबाची मुंबईतली कंपनी आधी चेकोस्लोव्हाकियातून या गाड्या आयात करत असे. नंतर म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना निघाला आणि १९६१ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. १९७३ पासून गाडीवर ‘येझदी’ हे नाव आलं. टाकीवर येझदी दिसलं तर फोटो त्यानंतरचा.

राजदूत: एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची गाडी, मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल एम ११ चा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. सायलेन्सर एकच. जुन्या राजदूतच्या पुढच्या चाकाला नळ्यांऐवजी कोपरासारखा वाकलेला जाड फोर्क दिसतो. ‘बॉबी’ सिनेमामुळे गाजलेली छोटी राजदूत १९७३ नंतरची.

१९८४ पासून चित्र पालटलं. इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० या हलक्या १०० सीसीच्या गाड्या आल्या.

मोबाइल ॲपवर विसंबता येतं का?

जपून. इथेच सध्या सगळ्यात जास्त फसगत होते.

फोटो ‘सुधारणारी’ एआय ॲप पुसट जागा अंदाजाने भरतात. नंबरप्लेटवरचा धूसर डाग ॲपमधून स्पष्ट ‘८’ होऊन बाहेर येतो, पण तो आकडा मूळ फोटोत नसतो. टाकीवरच्या नावाचंही तेच. म्हणून नंबर आणि नाव कायम मूळ स्कॅनवरच वाचावं. रंगवलेल्या फोटोवरून गाडीचा रंगही ठरवू नये.

चित्रावरून शोध घेतला तर आजच्या गाड्या समोर येतात. जावा २०१८ मध्ये, येझदी २०२२ मध्ये नव्याने बाजारात आली. बीएसए गोल्ड स्टारही परतली आहे. जुन्या रूपात बनवलेल्या या नव्या गाड्या आणि मूळ गाड्या यांची शोधात सरमिसळ होते.

घरात आणखी कोणते पुरावे सापडतात?

आरसी बुक, विम्याची पावती, जुनं लायसन्स. आरसी बुकात चेसिस आणि इंजिन नंबर असतो. ब्रिटनमधला १९४६ साली स्थापन झालेला व्हिंटेज मोटर-सायकल क्लब अशा नंबरांवरून ब्रिटिश गाड्यांचं साल शोधून देतो. गाडीच अजून मागच्या पडवीत असेल आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. त्यासाठी गाडीत मोठे बदल केलेले नसावेत.

माणसांसाठी वसईत एक चांगली सोय आहे. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी त्या-त्या चर्चच्या दप्तरात असतात. इतर घरांत लग्नपत्रिका आणि शाळेचे दाखले कामी येतात. मागे स्टेशन असेल तर पाटी वाचावी: वसई रोडचं जुनं नाव बॅसीन रोड होतं.

हे सगळं जोडून पाहिलं तर?

सुरुवातीच्याच ओळीचं उदाहरण घेऊ: ‘आजोबा, १९५५, बुलेट’. समजा, आजोबा १९५८ साली वारले. स्कॅनमध्ये दोन सायलेन्सर आणि एकच सिलिंडर दिसतो, म्हणजे गाडी जावा. तेवढ्याने साल खोटं ठरत नाही, कारण आयात केलेल्या जावा १९५० च्या दशकातही होत्या. पण पाटीवरची तीन अक्षरं ‘एमआर’ने सुरू होतात. म्हणजे फोटो १ मे १९६० नंतरचा, आणि गाडीवर बसलेले ते आजोबा नव्हेत.

अशा वेळी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मूळ फोटो दाखवावा आणि ‘हे आजोबाच ना?’ असं न विचारता ‘हे कोण?’ एवढंच विचारावं. आधी नाव सुचवलं की उत्तरही तेच येतं. कदाचित आत्या पटकन म्हणेल, हा तर धाकटा भाऊ, आणि ज्याचा एकही फोटो घरात नाही असं वाटत होतं तो माणूस सापडेल.

जे कळलं ते फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावं. नुसतं नाव-साल नको, कशावरून ठरवलं तेही हवं: ‘जावा, दोन सायलेन्सर. पाटी एमआर, म्हणून १९६० नंतर. माणूस आत्याने ओळखला.’ पुढे कुणाला नवा पुरावा मिळाला, तर काय तपासायचं ते त्याला कळेल.