स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचे सार्वमत व जनभावना

स्कॉटलंडने युनायटेड किंग्डममधून बाहेर पडून स्वतंत्र देश व्हावे की नाही, या प्रश्नावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत घेण्यात आले. ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधात, तर ४४.७ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. मतदानाचे प्रमाण ८४.६ टक्के होते. हे सार्वमत प्रश्न निकाली काढील, अशी दोन्ही बाजूंची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सार्वमताच्या प्रचारकाळात स्वातंत्र्याच्या मागणीला पूर्वी कधी नव्हता एवढा पाठिंबा निर्माण झाला आणि निकालानंतरही तो ओसरला नाही. प्रस्तुत लेखात सार्वमतापूर्वीच्या, सार्वमताच्या वेळच्या आणि त्यानंतरच्या लोकभावनांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंड व स्कॉटलंड या दोन राज्यांच्या संसदांनी संमत केलेल्या कायद्यांन्वये १७०७ साली ग्रेट ब्रिटनचे एकत्रित राज्य अस्तित्वात आले. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था, शिक्षणपद्धती व चर्च मात्र स्वतंत्र राहिले. त्यामुळे राजकीय एकीकरणानंतरही स्कॉटिश ही वेगळी राष्ट्रीय ओळख टिकून राहिली. पुढील दोन शतके बहुसंख्य स्कॉटिश लोकांना ही ओळख आणि ब्रिटिश असणे यांत विसंगती वाटत नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या स्थितीत बदल झाला. उत्तर समुद्रात खनिज तेल सापडल्यानंतर, या संपत्तीवर स्कॉटलंडचा हक्क असल्याचा प्रचार स्कॉटिश नॅशनल पार्टीने (एसएनपी) केला. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत या पक्षाला स्कॉटलंडमध्ये सुमारे ३० टक्के मते व ११ जागा मिळाल्या. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटिश विधिमंडळाच्या स्थापनेसाठी सार्वमत झाले. त्यात ५१.६ टक्के मते विधिमंडळाच्या बाजूने पडली. परंतु एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांचा पाठिंबा मिळाला पाहिजे, अशी अट असल्यामुळे प्रस्ताव बारगळला. बहुमत मिळूनही हाती काही न आल्याची खंत त्यानंतर दीर्घकाळ व्यक्त होत राहिली.

१९७९ ते १९९७ या काळात लंडनमध्ये सलग हुजूर पक्षाचे सरकार होते, तर स्कॉटलंडचा कौल प्रामुख्याने मजूर पक्षाकडे होता. अवजड उद्योगांची पडझड आणि इंग्लंडच्या एक वर्ष आधी, म्हणजे १९८९ साली, स्कॉटलंडमध्ये लागू केलेला ‘पोल टॅक्स’ यांमुळे, आपण न निवडलेले सरकार आपल्यावर राज्य करते, ही भावना बळावली. १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्कॉटिश संसदेच्या स्थापनेला मान्यता दिली व १९९९ मध्ये एडिनबरा येथे ही संसद कार्यरत झाली.

स्वातंत्र्य मात्र बहुसंख्यांची मागणी नव्हती. स्कॉटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स या वार्षिक सर्वेक्षणानुसार १९९९ पासून २०१३ पर्यंत स्वातंत्र्याला पाठिंबा देणाऱ्यांचे प्रमाण साधारणतः एक चतुर्थांश ते एक तृतीयांश या दरम्यान राहिले. २०११ च्या निवडणुकीत एसएनपीने १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या, तेव्हाही तिच्या अनेक मतदारांना स्वातंत्र्य नको होते.

प्रश्न व मतदारवर्ग

१५ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन व स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिनबरा करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला तात्पुरता देण्यात आला. दोन्ही सरकारांना मान्य असलेल्या प्रक्रियेने हा निर्णय होणार असल्यामुळे त्याच्या वैधतेविषयी वाद उरला नाही.

स्कॉटिश सरकारने सुचवलेल्या प्रश्नाच्या सुरुवातीला ‘आपण सहमत आहात का’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यांमुळे मतदार होकाराकडे झुकतील, असे निवडणूक आयोगाचे मत पडले. अखेरीस ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ असा साधा प्रश्न निश्चित झाला. अधिक अधिकार, पण युनायटेड किंग्डममध्येच, हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर ठेवण्यात आला नाही. अनेक सर्वेक्षणांत हा मधला मार्ग लोकप्रिय असल्याचे आढळत असे. त्यामुळे मोठ्या संख्येने मतदारांना आपल्या पहिल्या पसंतीविना ‘होय’ वा ‘नाही’ यांतून निवड करावी लागली.

मताधिकार जन्मस्थानावर किंवा वंशावर आधारलेला नव्हता. तो वास्तव्यावर आधारलेला होता. स्कॉटलंडमध्ये राहणारे इंग्लिश, युरोपीय संघाचे नागरिक तसेच भारतासह राष्ट्रकुल देशांचे पात्र नागरिक मतदान करू शकत होते. याउलट लंडनमध्ये किंवा परदेशात स्थायिक झालेल्या स्कॉटिश व्यक्तींना मत नव्हते, याबद्दल त्यांच्यापैकी अनेकांनी नाराजी व्यक्त केली. मतदानाचे किमान वय प्रथमच १६ वर्षे करण्यात आले. परिणामी १६ व १७ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलामुलींची नोंदणी झाली. एकूण मतदारसंख्या सुमारे ४२ लाख ८३ हजार होती.

प्रचारकाळातील लोकभावना

स्वातंत्र्याच्या बाजूने ‘येस स्कॉटलंड’ व विरोधात ‘बेटर टुगेदर’ या आघाड्या उभ्या राहिल्या. पहिलीत एसएनपी, ग्रीन पक्ष व डावे गट होते. दुसरीत मजूर, हुजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्ष एकत्र आले आणि तिचे नेतृत्व माजी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांच्याकडे होते.

‘होय’च्या समर्थकांत वंशाभिमानापेक्षा स्वशासनाचा मुद्दा अधिक प्रभावी होता. २०१० मध्ये हुजूर पक्षाला स्कॉटलंडमधील ५९ पैकी केवळ १ जागा मिळाली असताना त्या पक्षाचा पंतप्रधान सत्तेवर होता. समाजकल्याण योजनांतील कपात, क्लाइड नदीच्या खाडीतील फासलेन तळावरील आण्विक पाणबुड्या आणि इराक युद्ध या विषयांवरील असंतोषही या बाजूस वळला. गावोगावच्या सभागृहांतील चर्चा, घरोघरी जाऊन केलेली मतदार नोंदणी आणि कलावंतांचा सहभाग यांमुळे ही मोहीम पक्षसंघटनेच्या बाहेर पसरली.

‘नाही’ म्हणणाऱ्यांत विविध भावना होत्या. काहींची ब्रिटनशी असलेली जवळीक महायुद्धांतील समान बलिदान, राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि सीमेपलीकडील नातेवाईक यांतून आलेली होती. अनेकांना स्कॉटिश असल्याचा पूर्ण अभिमान होता, पण स्वातंत्र्याची जोखीम पत्करण्याजोगी वाटत नव्हती. स्वतंत्र स्कॉटलंड कोणते चलन वापरील, हा या जोखमीचा केंद्रबिंदू ठरला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी पौंडाच्या सामायिक वापराची शक्यता फेटाळली. निवृत्तिवेतन, गृहकर्जे, तेलाचे उत्पन्न व युरोपीय संघाचे सदस्यत्व यांविषयीही अनिश्चितता होती. स्वातंत्र्यवाद्यांनी अशा इशाऱ्यांची ‘प्रोजेक्ट फिअर’, म्हणजे भीतीची मोहीम, अशी संभावना केली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला मात्र हे प्रश्न प्रचाराचे नसून स्वतःच्या उर्वरित आयुष्याचे होते.

समाजजीवनावरील परिणाम

या काळात राजकारण घराघरांत पोहोचले. एकाच कुटुंबात आई-वडील एका बाजूस व मुले दुसऱ्या बाजूस असणे सामान्य झाले. खिडक्यांवर व मोटारींवर ‘होय’ आणि ‘नो, थँक्स’ अशी चिकटपत्रे झळकली. अनेक ‘नाही’ मतदारांनी वाद टाळण्यासाठी आपले मत जाहीर न करणे पसंत केले. रस्त्यावर ‘होय’चा उत्साह अधिक दिसत असल्याने निकालाचा अंदाज बांधणे कठीण झाले.

समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंकडून शिवीगाळ झाली. ‘बेटर टुगेदर’ला १० लाख पौंडांची देणगी देणाऱ्या लेखिका जे. के. रोलिंग यांना तसेच मतदानाच्या दिवशी ‘होय’कडे कल दर्शवणारे टेनिसपटू अँडी मरे यांना तिचा अनुभव आला. असे असले तरी एवढ्या तीव्र मतभेदाच्या प्रश्नावरील प्रचार व मतदान मोठ्या हिंसाचाराविना पार पडले.

अखेरचे दिवस

२०१३ पासून जवळजवळ सर्व जनमत चाचण्यांत ‘नाही’ची आघाडी होती. यूगव्ह या संस्थेच्या चाचण्यांत ऑगस्ट २०१४ च्या प्रारंभी ही आघाडी २२ अंकांची होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती ६ अंकांवर आली. ७ सप्टेंबर रोजी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अनिर्णित मतदार वगळता ‘होय’ला ५१ टक्के मते दाखवली गेली. या आकड्याने लंडनमध्ये खळबळ उडाली. १० सप्टेंबर रोजी कॅमेरॉन, एड मिलिबँड व निक क्लेग हे तिन्ही पक्षनेते संसदेतील कामकाज सोडून स्कॉटलंडला गेले. १६ सप्टेंबर रोजी ‘डेली रेकॉर्ड’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर तिघांच्या सह्यांनिशी, स्कॉटिश संसदेला व्यापक नवे अधिकार देण्याचे वचन छापले गेले. मतपत्रिकेवरून वगळलेला मधला पर्याय अशा रीतीने मतदानाच्या दोन दिवस आधी पुन्हा पुढे आला. मतदानाच्या पूर्वसंध्येला माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी ग्लासगो येथे केलेल्या भाषणाचाही मोठा प्रभाव पडल्याचे मानले जाते.

निकाल

होय : १६,१७,९८९ मते (४४.७ टक्के)
नाही : २०,०१,९२६ मते (५५.३ टक्के)

३२ कौन्सिल क्षेत्रांपैकी केवळ चार क्षेत्रांत ‘होय’ला बहुमत मिळाले : डंडी (५७.३ टक्के), वेस्ट डनबार्टनशायर (५४.० टक्के), ग्लासगो (५३.५ टक्के) व नॉर्थ लॅनार्कशायर (५१.१ टक्के). हे भाग जुन्या उद्योगांच्या ऱ्हासाची झळ सोसलेले व परंपरेने मजूर पक्षाचे बालेकिल्ले होते. राजधानी एडिनबरामध्ये ६१.१ टक्के, तर ऑर्कनी बेटांवर ६७.२ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. अ‍ॅबर्डीनशायर, मोरे, अँगस अशा एसएनपीच्या पारंपरिक प्रभावक्षेत्रांतही स्वातंत्र्याचा प्रस्ताव पराभूत झाला. त्यावरून पक्षनिष्ठा व स्वातंत्र्याविषयीचे मत या दोन भिन्न गोष्टी होत्या, असे दिसते.

मतदानोत्तर अभ्यासांत वय हा सर्वांत ठळक भेद आढळला. ज्येष्ठ नागरिकांनी मोठ्या बहुमताने ‘नाही’ला, तर पंचविशी व तिशीतील मतदारांनी ‘होय’ला पसंती दिली. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये ‘नाही’चे प्रमाण अधिक होते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांत मते जवळपास समसमान विभागली गेली, तर युनायटेड किंग्डमच्या इतर भागांत जन्मलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वातंत्र्य नाकारले.

निकालानंतरच्या प्रतिक्रिया

१९ सप्टेंबर रोजी सॅमंड यांनी पराभव मान्य करून पदत्यागाची घोषणा केली व नोव्हेंबरमध्ये निकोला स्टर्जन फर्स्ट मिनिस्टर झाल्या. त्याच सकाळी कॅमेरॉन यांनी स्कॉटलंडला द्यावयाच्या अधिकारांची सांगड केवळ इंग्लंडपुरत्या असलेल्या कायद्यांवर इंग्लिश खासदारांनीच मत देण्याच्या मुद्द्याशी घातली. ‘नाही’ मतदारांपैकी काहींनाही हे वचन सौम्य करण्यासारखे वाटले. ‘होय’ मतदारांत हताशेची जागा लवकरच संघटनेने घेतली. एसएनपीची सदस्यसंख्या सुमारे २५ हजारांवरून काही महिन्यांत १ लाखाच्या पुढे गेली. मे २०१५ च्या निवडणुकीत या पक्षाने स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. ‘होय’चे ४५ टक्के मतदार एका पक्षामागे एकवटले, तर ‘नाही’ची मते तीन पक्षांत विभागली गेली, हे यामागील प्रमुख कारण होते. स्मिथ आयोगाच्या शिफारशींनुसार २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने प्राप्तिकर व समाजकल्याण क्षेत्रांतील काही अधिकार स्कॉटिश संसदेकडे सोपवले.

ब्रेक्झिट व पुढील घडामोडी

२३ जून २०१६ रोजी युरोपीय संघाच्या सदस्यत्वावर झालेल्या सार्वमतात स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी व सर्व ३२ कौन्सिल क्षेत्रांनी संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला. संपूर्ण युनायटेड किंग्डमचा कौल मात्र बाहेर पडण्याचा होता. युरोपीय संघातील स्थान टिकवण्यासाठी २०१४ मध्ये ‘नाही’ म्हटलेल्या मतदारांना आपला आधारच काढून घेतल्यासारखे वाटले. तथापि पाठिंब्याचे एकूण प्रमाण लगेच बदलले नाही. संघात राहू इच्छिणारे काही मतदार ‘होय’कडे आले, तर संघ नको असलेले काही ‘होय’ मतदार विरुद्ध बाजूस गेले. २०२० च्या उत्तरार्धात अनेक चाचण्यांत ‘होय’ला बहुमत दिसले, त्यानंतर दोन्ही बाजू पुन्हा जवळपास समान पातळीवर आल्या.

दुसऱ्या सार्वमताची मागणी ब्रिटिश सरकारने वेळोवेळी नाकारली. सॅमंड यांनी २०१४ चे सार्वमत पिढीतून एकदा येणारी संधी असल्याचे म्हटले होते, याकडे विरोधक लक्ष वेधतात; ब्रेक्झिटमुळे परिस्थिती मुळातून बदलल्याचा युक्तिवाद समर्थक करतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, वेस्टमिन्स्टरच्या संमतीविना स्कॉटिश संसदेला असे सार्वमत घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. जुलै २०२४ च्या निवडणुकीत एसएनपीच्या जागा ९ पर्यंत घसरल्या. स्वातंत्र्याचा पाठिंबा मात्र त्या प्रमाणात घटला नाही.

मूल्यमापन

२०१४ च्या सार्वमताने स्कॉटलंडमधील मतदारांना एक स्पष्ट प्रश्न विचारला आणि त्यांनी स्पष्ट उत्तर दिले, याबाबत मतभेद नाहीत. पूर्वी पक्षनिष्ठा, वर्ग किंवा धर्मपंथ यांनुसार मत देणारा मतदार त्यानंतर मुख्यतः ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन गटांत ओळखला जाऊ लागला. कायदेशीर व सर्वमान्य प्रक्रियेने राष्ट्राच्या विभाजनाचा प्रश्न लोकांपुढे ठेवता येतो, याचे उदाहरण म्हणून कॅटालोनियासह अन्यत्र या सार्वमताचा दाखला दिला जातो. तसेच बहुमताने निर्णय होऊनही पराभूत पक्षाची भावना शमतेच असे नाही, हेही याच उदाहरणातून दिसून आले.